अधिकार दिले तरी दिसत नाही, काढले तरी दिसतं: परवानग्यांचा घोळ कसा शोधायचा

कुडाळहून मी देवगड, मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी या पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांची सॉफ्टवेअर सांभाळतो. आंब्याची पॅकिंग हाउस, काजूचे कारखाने, होमस्टे, एक-दोन मच्छीमार संस्था. सॉफ्टवेअर प्रत्येकाचं वेगळं, पण फोन एकाच तक्रारीचा येतो: ज्याने बघायला नको त्याला दिसतंय, आणि ज्याला हवंय त्याला दिसत नाही. मग समोरचा म्हणतो, "आपलं परवानग्यांचं मॉडेलच, म्हणजे कोणी काय बघायचं-करायचं ते ठरवायची पद्धतच, चुकलीय, बदलून टाकू." कधी ते खरं निघतं. पण मॉडेलला हात लावण्याआधी बऱ्याच गोष्टी तपासायच्या असतात, आणि त्यातल्या पहिल्या काहींना एक पैसाही लागत नाही.

लक्षणं कोणती

नवीन माणसाला अधिकार दिला, तरी त्याला स्क्रीन उघडत नाही. काम सोडून गेलेल्याच्या नावाने अजून नोंदी पडतात. एका बागायतदाराला दुसऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, दिसते. कुठलंही छोटं काम अडलं की "ह्याला पण ॲडमिन करून टाका" हाच तोडगा निघतो. भूमिकांची, म्हणजे कामानुसार बांधलेल्या अधिकारांच्या गठ्ठ्यांची, यादी कामगारांच्या यादीपेक्षा लांब झाली आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "ही नोंद कोणी खोडली?" असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

यातलं एखादंच लक्षण असेल तर दुखणं बहुधा वरवरचं आहे. तीन-चार एकत्र असतील तर पुढचं सगळं वाचा, पण क्रम मोडू नका. मॉडेल बदलायला महिना लागतो, पहिली तपासणी पाच मिनिटांत होते.

आधी बाहेर पडा, पुन्हा आत या

बऱ्याच प्रणालींमध्ये माणूस लॉगिन करतो तेव्हाच त्याचे अधिकार एका टोकनमध्ये, म्हणजे ठराविक मुदतीच्या डिजिटल पासवर, लिहून त्याच्या मोबाइलला दिले जातात. नंतर तुम्ही ऑफिसात बसून अधिकार वाढवलात, तरी त्याच्या खिशातलं टोकन जुनंच राहतं. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं की काम होतं. हे उलट्या बाजूनेही खरं आहे. सकाळी कामावरून काढलेला माणूस संध्याकाळपर्यंत भाव बघत राहतो, कारण त्याच्या टोकनची मुदत संपलेली नसते. म्हणून टोकनची मुदत किती तासांची आहे, ते ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्याला आजच विचारून ठेवा. उत्तर "तीस दिवस" आलं तर तिथेच अर्धं दुखणं सापडलं.

त्याच वेळी स्क्रीनवर येणारा एररचा क्रमांकही बघा. ४०१ आला तर माणूस कोण हेच प्रणालीला ओळखता आलेलं नाही. पासवर्ड, ओटीपी, टोकन यांचा तो प्रश्न आहे. ४०३ आला तर माणूस ओळखला, पण परवानगी नाकारली. हा फरक न बघता लोक आठवडाभर भूमिका बदलत बसतात आणि दोष पासवर्डमध्ये निघतो. काही ठिकाणी परवानगी नसलेल्याला मुद्दाम ४०४ दाखवतात, म्हणजे तशी नोंद आहे हेसुद्धा त्याला कळू नये. त्यामुळे ४०४ दिसला म्हणून नोंद हरवली असं समजू नका.

माणसं मोजा, मग खाती मोजा

एप्रिलच्या मध्यावर एका पॅकिंग हाउसमध्ये गेलो होतो. प्रतवारीच्या टेबलामागे भिंतीला पेटीचा फाडलेला पुठ्ठा खिळ्याने ठोकलेला, त्यावर मार्करने लॉगिनचं नाव आणि पासवर्ड. अकरा माणसं, एक खातं. मालक सांगत होते की कोणीतरी चाळीस पेट्यांची नोंद पुसली आहे, कोणी ते शोधून द्या. मला शोधता येईना, कोणालाच आलं नसतं. प्रणालीच्या दृष्टीने ती अकराही माणसं एकच होती.

कुठलंही मॉडेल घ्या, सगळ्याचा पाया "हा कोण" या प्रश्नावर आहे. तो पाया नसेल तर वर काय बांधायचं ते ठरवण्यात अर्थ नाही. प्रत्येकाला वेगळं खातं द्या. हंगामात माणसांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत ही अडचण खरी आहे. तिथे मोबाइल क्रमांक आणि चार-सहा आकडी पिन पुरते, मात्र पाच वेळा चुकली की खातं बंद व्हायला हवं. पुठ्ठा त्याच दिवशी उतरवला आणि पासवर्डही बदलला. नुसता पुठ्ठा काढून भागत नाही, पासवर्ड सगळ्यांना पाठ झालेला असतो.

गेलेल्यांची यादी

आपल्याकडे काम हंगामावर चालतं. आंबा मार्च ते मे. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. गणपतीत आणि डिसेंबरात होमस्टेवर जादा माणसं. म्हणजे वर्षातून तीनदा माणसं येतात आणि जातात, खाती मात्र फक्त येतात. एका ठिकाणी गेल्या तीन हंगामांची सगळी खाती चालू होती, आणि त्यातला एक माणूस आता शेजारच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता.

हंगामी खातं उघडतानाच शेवटची तारीख टाका. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. खातं पुसू मात्र नका, फक्त बंद करा. पुसलं तर जुन्या नोंदींवरचं नावही जातं, आणि पुढे वाद झाला तर दाखवायला काही उरत नाही.

शेवटचा आकडा बदलून बघा

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देवगडच्या बाजूला वीसेक बागायतदार आपला माल एकाच पॅकिंग हाउसमधून नवी मुंबईत वाशीच्या बाजाराला पाठवतात. वाशीहून पट्टी आली की प्रत्येकाला मोबाइलवर तिची लिंक जाते. एका रात्री त्यातल्या एका तात्यांचा फोन आला: "अरे, माका माझी पट्टी दिसना नाय, आणि त्या खालच्या वाडीतल्याची दिसता. माझो भाव पण असोच कोण बघता काय?" गेलो. लिंकच्या शेवटी ४१८ असा आकडा होता. मी तात्यांच्याच मोबाइलवर, त्यांना विचारून, ४१९ केला. दुसऱ्याची पट्टी उघडली. डझनाचा भाव, हमाली, तोलाई, उचल वजा जाता उरलेली रक्कम, सगळं समोर. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी मोबाइल उलटा करून ओटीवर ठेवला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये भूमिका व्यवस्थित होत्या. "बागायतदार" या भूमिकेला "पट्टी बघणे" हा अधिकार होता, आणि तात्या बागायतदारच होते. प्रणालीने विचारलं, "हा बागायतदार आहे का?" उत्तर "हो". "ही पट्टी ह्याची आहे का?" हे तिने विचारलंच नाही. यादीच्या स्क्रीनवर फक्त स्वतःच्या पट्ट्या दिसायच्या, म्हणून बनवणाऱ्याला वाटलं की झालं. पण स्क्रीनवर लपवणं म्हणजे अडवणं नव्हे. परवानगी सर्व्हरवर, प्रत्येक मागणीला, त्या एका नोंदीसाठी तपासली पाहिजे.

वेब सुरक्षेत काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत मोडकी प्रवेश-नियंत्रणं पहिल्या क्रमांकावर आली. २०१७ च्या यादीत ती पाचव्या क्रमांकावर होती. तात्यांच्या मोबाइलवर जे दिसलं ते त्याच जातीचं.

तुम्ही स्वतः तपासायचं तर दोन खोटी खाती उघडा, दोन्हींत एकेक खोटी पट्टी टाका, आणि एकातून दुसरीचा आकडा मारून बघा. फक्त बघून थांबू नका. बदलणं, खोडणं, पीडीएफ उतरवणं, एक्सेल काढणं, प्रत्येक वाट वेगळी मारून बघा. बघण्याची वाट बंद असते आणि पीडीएफची उघडी राहते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पीडीएफपासूनच सुरू करतो. दुसऱ्याच्या खऱ्या नोंदींवर हा प्रयोग करू नका, आणि जी प्रणाली तुमची नाही तिच्यावर तर अजिबात नको.

आकड्याच्या जागी लांबलचक अगम्य अक्षरं घातली की झालं, असं काहीजण सांगतात. त्याने अंदाज बांधणं कठीण होतं. पण लिंक व्हॉट्सॲपवर पुढे गेली की तिथे काहीच अडवत नाही. तपासणीला ती पर्याय नव्हे.

भूमिका मोजा

इथवर सगळं ठीक असेल तर आता मॉडेलकडे बघायचं.

भूमिकांवर आधारित नियंत्रण, ज्याला आरबॅक म्हणतात, ते फेरायोलो आणि कुन या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलं आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याचं अधिकृत मानक ठरलं. अधिकार माणसाला द्यायचा नाही, कामाला द्यायचा, आणि माणसाला त्या कामावर नेमायचं, एवढीच त्यातली कल्पना. हिशेबनीस बदलला तर एक नेमणूक बदलते, पन्नास अधिकार नाही. लहान धंद्याला सुरुवात म्हणून याहून चांगलं मला दुसरं सापडलेलं नाही.

ते बिघडतं कुठे, ते सांगतो. एका ठिकाणी चौदा माणसं आणि एकतीस भूमिका होत्या. "सुपरवायझर-जामसंडे", "सुपरवायझर-कुणकेश्वर", "सुपरवायझर-जामसंडे-हिशेबासह". भूमिकेच्या नावात गावाचं, बागेचं किंवा माणसाचं नाव घुसलं की समजा, भूमिकेला झेपत नाही ती गोष्ट तिच्याकडून करून घेतली जातेय. सुपरवायझर हे काम आहे. जामसंडे ही कुठल्या बागेशी त्याचा संबंध आहे ती माहिती आहे. ती वेगळ्या रकान्यात हवी.

ॲडमिन किती, तेही मोजा. दोन ठीक, म्हणजे एक आजारी पडला तर अडत नाही. सहा असतील तर प्रत्येकाला विचारा की ॲडमिन नसताना नेमकं कुठलं काम अडलं होतं. साल्टझर आणि श्रोडर या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे की प्रत्येकाला कामापुरताच अधिकार असावा, आणि स्पष्ट परवानगी नसेल तर उत्तर "नाही" असावं. ज्या सहा ॲडमिनांना मी विचारलं त्यातल्या चौघांचं उत्तर एकच होतं: चुकलेलं बिल दुरुस्त करता येत नव्हतं. एक "बिल दुरुस्ती" अधिकार वेगळा काढला आणि ॲडमिन दोनच राहिले.

मालकाला बोलू द्या आणि शब्द ऐका

आता खरं मॉडेल निवडायचं काम. यासाठी मी संगणक बंद करतो. वही काढतो आणि मालकाला म्हणतो, "काका, कोणी काय करावं आणि काय करू नये, तुमच्या भाषेत सांगा." जे बोलतील ते जसंच्या तसं लिहायचं. सुधारायचं नाही, कारण मॉडेल त्यांच्या शब्दांतच असतं. एका वहीतली ही वाक्यं बघा.

"पट्टी नोंदवायचं काम हिशेबनिसाचं." इथे कामाचं नाव आलं. भूमिका पुरते.

"बागायतदाराने स्वतःच्याच पट्ट्या बघाव्यात." इथे "स्वतःच्याच" आलं. कितीही भूमिका केल्या तरी हा शब्द त्यांत मावत नाही. नोंदीवर मालकाचा रकाना हवा आणि प्रत्येक वेळी तो जुळवून बघायला हवा. "त्याच्या", "आपल्या", "स्वतःच्या" असे शब्द कानावर आले की हा नात्याचा नियम आहे, असं मी वहीत खूण करून ठेवतो.

"१५ मेनंतर पेटीचा भाव कोणी बदलायचा नाही, तेव्हा माल कॅनिंगला जातो." "पंचवीस हजारांवरची उचल मला विचारल्याशिवाय द्यायची नाही." नंतर, पर्यंत, वरची, बाहेरून, रात्री: हे गुणांचे नियम. माणसाचा, नोंदीचा किंवा वेळेचा एखादा गुण बघून निर्णय करायचा. याला एबॅक म्हणतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये त्यावर मार्गदर्शिका काढली. ताकद मोठी आहे, पण नियम वाढले की "ह्याला आत्ता का दिसत नाही?" याचं उत्तर देणं अवघड होत जातं. म्हणून असे नियम पाच-सातच ठेवा आणि नाकारताना कुठल्या नियमाने नाकारलं ते नोंदवा.

"ज्याने बिल लावलं त्यानेच ते मंजूर करायचं नाही." हे कामाची वाटणी करणं झालं. आरबॅकच्या मानकातही याला जागा आहे. जिथे माणसं कमी तिथे एकालाच दोन्ही भूमिका द्याव्या लागतात. तेव्हा भूमिकांवर बंदी न घालता त्या एका बिलावर बंदी घालावी: दुसरी बिलं त्याने मंजूर करावीत, स्वतः लावलेलं नाही.

मच्छीमार संस्थेत गोष्ट आणखी पुढे जाते. बोटमालकाला त्याच्या बोटी दिसाव्यात, त्या बोटींच्या फेऱ्या दिसाव्यात, त्या फेऱ्यांतल्या विक्रीच्या पावत्या दिसाव्यात. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, त्याने केलेल्या फेऱ्याच. आणि बोट मध्येच विकली गेली तर जुन्या फेऱ्या जुन्या मालकाच्या, नव्या नव्याच्या. इथे नात्यांची साखळी आहे. अशा साखळ्यांसाठी रीबॅक नावाचं मॉडेल आहे. गूगलने ड्राइव्ह, यूट्यूब वगैरेंसाठी याच तत्त्वावर झांझिबार ही प्रणाली उभी केली आणि २०१९ मध्ये तिचा निबंध प्रसिद्ध केला. पण तीस बोटींच्या संस्थेला झांझिबारसारखं काही उभं करायची गरज नाही. बोट, फेरी, पावती यांच्या तक्त्यांत एकमेकांचे क्रमांक आणि मालकीच्या तारखा असतील तर एका नीट लिहिलेल्या तपासणीत ते बसतं.

फाइलचा मालक ज्याला वाटेल त्याला ती देतो, हे गूगल ड्राइव्हवर शेअर करण्यासारखं मॉडेल होमस्टेच्या फोटोंना चालतं, हिशेबाला नाही. सैन्यासारखी गोपनीयतेची पातळी ठरवणारं सक्तीचं मॉडेल मला इथे एकदाही लागलेलं नाही.

माझ्याकडे आलेल्या बहुतेकांना शेवटी हेच पुरलं: पाच-सहा भूमिका, प्रत्येक नोंदीवर मालकाचा रकाना, आणि वेळेचे-रकमेचे मोजके नियम.

एका जागी आणा

हे सगळ्यात कष्टाचं. नियम वहीत नीट असले तरी सॉफ्टवेअरमध्ये ते चाळीस ठिकाणी विखुरलेले असतात, प्रत्येक स्क्रीनमागे थोडे. एक बदलला की एकोणचाळीस जुने राहतात. सगळे निर्णय एकाच जागी विचारले जावेत, अशी रचना करायला हवी.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर ९.५ आवृत्तीपासून तक्त्यातल्या एकेका ओळीवरच पहारा बसवण्याची सोय आहे. उत्तम आहे, पण एक खाच लक्षात ठेवा. तक्त्याचा मालक (डेटाबेसमधलं ज्या खात्याने तो तक्ता बनवला ते) आणि सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, यांना तो पहारा अडवत नाही. मालकाला अडवायचं तर तशी सक्ती वेगळी चालू करावी लागते. सॉफ्टवेअर स्वतः बहुधा मालकाच्याच नावाने डेटाबेसला जोडलेलं असतं. नियम लिहिले, चालू केले, सगळे खूश, आणि अडवत काहीच नाही. मी स्वतः दोन दिवस यात घालवले आहेत. म्हणून वरची दोन खोट्या खात्यांची तपासणी प्रत्येक बदलानंतर पुन्हा करा.

नवी तपासणी एकदम लावू नका. आधी ती जुनीच्या शेजारी मुकी चालवा. निर्णय जुनीने द्यायचा, नवीने फक्त आपलं उत्तर लिहून ठेवायचं. दोघींचं जिथे पटत नाही त्या नोंदी रोज वाचा. हे पावसात करा, पूर्ण महिना चालवा. एप्रिलमध्ये परवानग्यांना हात लावू नये. रात्री अकराला वाशीची गाडी भरताना कोणाला स्क्रीन उघडली नाही, तर तुमचं मॉडेल कितीही बरोबर असलं तरी पुठ्ठा परत भिंतीवर येतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

दुसऱ्याची माहिती खरोखर बाहेर गेली आहे असं दिसलं, तर स्वतः दुरुस्ती करू नका. आधी तो रस्ता बंद करा, म्हणजे लिंक किंवा ते पान बंद. लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, पुसू नका, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करू नका, त्यातले पुरावे जातात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. तुमच्या संस्थेला त्यातलं काय लागू होतं ते त्याच दिवशी जाणकाराला विचारा.

पतसंस्थेच्या ठेवी-कर्जांचं, दवाखान्याचं किंवा आधार क्रमांक साठवलेलं सॉफ्टवेअर असेल तर शेवटच्या आकड्याच्या तपासणीपर्यंतच स्वतः जा. पुढचं काम नको. एकाच सॉफ्टवेअरमध्ये अनेक संस्थांचा डेटा एकत्र असेल तरीही तेच. तिथे एक चूक एका माणसाला नाही, सगळ्या संस्थांना उघडं करते. आणि सॉफ्टवेअर बनवणारा "लिंकचा आकडा कोण बदलतंय?" असं म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालण्यात वेळ न घालवता दुसऱ्याकडून तपासून घ्या.

जाणकार येईल तेव्हा ती वही, दोन खोट्या खात्यांची नावं, चालू-बंद खात्यांची यादी आणि तक्रार कधी, कोणाच्या मोबाइलवर, कुठल्या आकड्यावर आली ते त्याच्यापुढे ठेवा. तात्यांच्या वेळी ४१८ आणि ४१९ हे दोन आकडे कागदावर होते, म्हणून दोष लगेच सापडला.